वाचकांचे प्रश्न : लोणी खाणारा भाचा सडपातळ कसा?

(वजन, ताट आणि परदेशातील खाण्याच्या सवयी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन या अंकासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.)

प्रश्न : माझा थोरला मुलगा आठ वर्षांपासून अमेरिकेत डॅलसजवळ राहतो, आणि धाकट्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांपासून फ्रान्समधल्या तुलूज शहरात विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत दोघेही एकाच आठवड्यात बेळगावला आले. माझ्या मुलाचे वजन तिकडे गेल्यापासून एकोणीस किलोंनी वाढले आहे. तो बिचारा बिनसाखरेचा चहा पितो, लोण्याला हात लावत नाही, दहीसुद्धा स्निग्धांश काढलेलेच खातो. भाचा मात्र रोज सकाळी लोणी लावलेला पाव, दुपारी चीज आणि रात्री जेवणानंतर चॉकलेट खातो असे स्वतःच हसत सांगतो, आणि त्याला कॉलेजातल्या विजारी अजून बसतात. बहीण म्हणते हा तिकडच्या हवेचा गुण, मी म्हणते अंगकाठी. खरे काय? शिवाय घरी यांचेही पोट सुटले आहे आणि मधुमेहाची गोळी सुरू झाली आहे. मुलाने काय सोडावे आणि आम्ही इथे काय करावे?
— एक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, दोन मावसभावांच्या अंगकाठीत जन्मतःच फरक असू शकतो, आणि तो किती आहे हे पत्रावरून कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. परंतु आपल्या घरात दिवाळीला जे दिसले तेच दोन देशांच्या आकड्यांतही दिसते, आणि सबंध देशाचा फरक अंगकाठीवर ढकलता येत नाही. अमेरिकेतील २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ४२.४ टक्के प्रौढ स्थूल आढळले. फ्रान्समधील २०२० च्या पाहणीत हेच प्रमाण १७ टक्के होते. अमेरिकेत माणसांना काट्यावर उभे करून वजन घेतले होते, तर फ्रान्समध्ये लोकांनी स्वतः सांगितलेले वजन धरले होते, आणि स्वतःचे वजन सांगताना दोन किलो विसरण्याची खोड जगभर सारखीच आहे. तेवढी सूट दिली तरी उरणारा फरक मोठाच आहे.

लोण्याचा आणि चीजचा प्रश्न पाश्चात्त्य डॉक्टरांनाही पडला होता. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तो घरोघरी पोहोचवला आणि १९९२ मध्ये सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची मांडणी केली : इतके संपृक्त स्निग्ध पदार्थ खाऊनही फ्रेंचांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी कसे? याला ‘फ्रेंच विरोधाभास’ हे नाव पडले. ती चर्चा मुळात हृदयाची होती. वजनाच्या बाबतीत मला अधिक उपयोगाचा वाटतो तो पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला अभ्यास, कारण तो अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या पद्धतीने, म्हणजे तराजू घेऊन केलेला आहे.

या मंडळींनी पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतील एकाच प्रकारच्या उपाहारगृहांत मिळणारे पदार्थ तोलून पाहिले. पॅरिसमध्ये एका माणसाला वाढला जाणारा पदार्थ सरासरी २७७ ग्रॅम भरला, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. म्हणजे अमेरिकन ताटात सुमारे पावपट अधिक. चिनी उपाहारगृहांत तर हा फरक ७२ टक्क्यांपर्यंत गेला. दुकानांतील मालाचीही तीच कथा : चॉकलेटची वडी अमेरिकेत ४१ टक्क्यांनी मोठी, शीतपेयाची बाटली ५२ टक्क्यांनी मोठी, आणि ताई, हे मुद्दाम आपल्यासाठी लिहितो, एका माणसासाठीचा दह्याचा डबा ८२ टक्क्यांनी मोठा. चिरंजीव स्निग्धांश काढलेले दही खातात हे आपण कळवले; तो डबा केवढा असतो आणि त्यात साखर किती घातलेली असते, हेही त्यांना एकदा विचारावे. स्निग्धांश काढला की चव जाते, आणि ती परत आणण्यासाठी कारखान्याच्या हाताशी सर्वांत स्वस्त वस्तू साखरच असते.

समोर आले म्हणून माणूस थोडेच सगळे खातो, असे कोणी म्हणेल. खातो. पेनसिल्वेनियात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकाच पदार्थाची लहानमोठी ताटे वेगवेगळ्या दिवशी त्याच माणसांपुढे ठेवून पाहिली; पाचशे ग्रॅमच्या जागी हजार ग्रॅम ठेवले तेव्हा लोकांनी सुमारे ३० टक्के जास्त खाल्ले, आणि पोट भरल्याची भावना मात्र दोन्ही दिवशी जवळजवळ सारखीच सांगितली. पोट मोजत नाही. मोजतो तो डोळा, आणि डोळा ताटाकडे पाहून ठरवतो.

आता वेळेविषयी. रोझिन यांच्याच अभ्यासात दोन्ही शहरांतील मॅक्डोनाल्डमध्ये एकेकटे जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकांवर घड्याळ लावले होते. फिलाडेल्फियात माणूस सरासरी १४ मिनिटांत उठला, पॅरिसमध्ये २२ मिनिटांनी. दुकान तेच, पदार्थ तसेच, पॅरिसमध्ये वाढपही लहान, आणि तरी खायला वेळ जास्त लागला. आतड्यांतून तृप्तीचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे जातात. चौदा मिनिटांत उठणाऱ्याचे जेवण निरोप येण्याआधीच संपलेले असते.

मात्र माझ्या मते भाच्याच्या विजारीचे खरे रहस्य वाढपाच्याही पलीकडे, जेवणाच्या चौकटीत आहे. फ्रेंच माणसाच्या खाण्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. सकाळी कॉफीबरोबर लोणी-मुरंब्याचा पाव, तोही फारसा नाही. दुपारी आधी काही कच्चे किंवा कोशिंबीर, मग मुख्य पदार्थ, मग चीजचा तुकडा किंवा दही, शेवटी फळ वा गोड. आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा जेवण. दुपारी एकच्या ठोक्याला जवळजवळ निम्मा देश टेबलावर बसलेला असतो. तेथील सरकारी सांख्यिकी संस्थेने २०१० च्या सुमारास मोजले तेव्हा फ्रेंच माणूस दिवसाकाठी २ तास २२ मिनिटे खाण्यापिण्यात घालवत होता, आणि ही वेळ १९८६ पेक्षा १३ मिनिटांनी वाढलेली होती. अमेरिकेत हाच काळ जेमतेम एका तासाच्या वर जातो. म्हणजे जो देश खाण्यात दुप्पट वेळ घालवतो तो सडपातळ, आणि जो झटपट उरकतो तो जाड. अमेरिकन माणूस टेबलावर कमी वेळ बसतो खरा, पण गाडीत, कचेरीत, टीव्हीसमोर आणि चालता चालता त्याचे तोंड सुरूच असते. ते ‘जेवण’ म्हणून कोणी मोजत नाही. अंग मात्र मोजते.

ही चौकट फ्रेंचांनी केवळ संस्कारावर सोडलेली नाही. तेथील कामगार कायद्यानुसार कामाच्या जागी बसून जेवण्यास मनाई आहे. कोरोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, टेबलावरच डबा उघडायला तात्पुरती परवानगी देण्यासाठी सरकारला खास हुकूम काढावा लागला, यावरून त्या नियमाची कल्पना यावी. शाळांतून शीतपेये आणि चिवडा-चॉकलेटची यंत्रे २००५ मध्ये हद्दपार झाली. साखरेच्या पेयांवर २०१२ मध्ये कर बसला, आणि एकदा पैसे भरून पेला हवा तितक्यांदा भरून घेण्याची सोय २०१७ मध्ये बंद करण्यात आली. अमेरिकेत ही सोय उपाहारगृहाचा धर्मच मानली जाते. मुलांना दुपारी चारच्या सुमारास ‘गूते’ नावाचा खाऊ मिळतो, पाव आणि चॉकलेटचा तुकडा असा काहीतरी, आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. फ्रेंच जाहिरातींखाली जेवणांच्या मधे चरत राहू नका अशी सूचना छापलेली असते. ‘चरत’ हा शब्द माझा आहे, पण अर्थ तोच.

एक गोष्ट मनाची. रोझिन यांनी १९९९ मध्ये चार देशांतील लोकांना खाण्याविषयीच्या त्यांच्या भावना विचारल्या होत्या. चॉकलेट केक म्हटल्यावर काय आठवते, अपराध की आनंदोत्सव, या प्रश्नाला अमेरिकन लोक ‘अपराध’कडे झुकले आणि फ्रेंच ‘उत्सवा’कडे. अन्नाची सर्वाधिक काळजी करणारे अमेरिकन होते आणि सर्वाधिक जाडही तेच. मला इथे आपले चिरंजीव आठवतात. लोणी सोडले, साखर सोडली, आणि अपराधाची भावना मात्र कायम. अशा माणसाला मधेच भूक लागते, तेव्हा तो ‘हे पथ्याचे आहे’ असे लिहिलेले पाकीट फोडतो आणि ते संपेपर्यंत थांबत नाही.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर २०१९ मधला एक प्रयोग सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न दिले. दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखेच मांडले होते, आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकिटाच्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले, खाण्याचा वेगही वाढला, आणि दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोने चढले. अमेरिकन माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक आज अशा अन्नातून येतात. फ्रान्समध्ये साधारण एक तृतीयांश. पॅरिसकर चालतात आणि डॅलसकर गाडीने जातात, हेही खरेच, पण चालण्यावर ताटातली सगळी चूक फिटत नाही.

फ्रेंचांचे फार कौतुकही नको. १९९७ मध्ये तेथील स्थूलांचे प्रमाण ८.५ टक्के होते. ते आता दुप्पट झाले आहे, कारण पाकिटे आणि घाई तिकडेही पोहोचली आहेत.

तेव्हा चिरंजीवांना माझा निरोप असा : लोणी सोडले म्हणून फारसे बिघडत नाही, पण ते सोडून मिळाले काय हे पाहा. गाडीत आणि संगणकासमोर खाणे आधी बंद करा. दुपारचा डबा टेबलावर, निदान वीस मिनिटे. बाहेर गेल्यास अर्धा पदार्थ वाढण्याआधीच डब्यात बांधून मागा. तिथे त्याची लाज कोणी धरत नाही. पेयांत पाणी.

आता आपल्या यजमानांविषयी. आपल्या लोकांच्या बाबतीत काट्यावरचा आकडा पुरेसा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी उभे असलेले स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, परंतु इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ ला स्थूल मानतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. यजमानांचे वजन करण्याआधी शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर गुंडाळा, पोट आत न ओढता.

गेल्या पावसाळ्यात वडगावहून एक विणकर गृहस्थ माझ्याकडे आले होते. ‘डॉक्टर, मी दोन वेळा भाकरी खातो, दुसरं काही नाही,’ असे ते शपथेवर सांगत होते, आणि भाकरीविषयी ते खोटे बोलत नव्हते. त्या दिवशी गर्दी होती, पाळी येईपर्यंत दोन वाजले, म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकावर डबा उघडला. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भरले वांगे, शेंगाचटणी, कांदा. उत्तम ताट. मी दारातून घड्याळ पाहिले : झाकण उघडल्यापासून बोटे धुवेपर्यंत सहा मिनिटे. मग आम्ही दोघांनी मिळून आदल्या दिवसाचा हिशोब मांडला. पहाटे मागावर बसताना चहा आणि दोन खारी, नऊला शेजारी आला म्हणून चहा, अकराला चहा, चारला चहा आणि फरसाण, सहाला खडेबाजारात गेले तेव्हा गिरमिट आणि दोन मिरची भजी, घरी आल्यावर नातवाच्या हातातल्या पाकिटातले मूठभर. भाकरीखेरीज सहा वेळा, आणि दर चहात दोन चमचे साखर. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘ह्याला जेवण म्हणतात होय?’ भाकरीला मी हात लावला नाही. चहा दोनवर आणले, साखर अर्धी केली, गिरमिट आठवड्यातून एकदा ठरवले, तेही बसून, आणि भाकरीला वीस मिनिटे द्यायला सांगितली. आपल्या यजमानांचा असाच एका दिवसाचा कागद करून पाहावा. मात्र गोळी चालू असल्याने जेवणाच्या वेळांत मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावा.

प्रश्न : रोज रात्री थोडी रेड वाइन घेतल्याने फ्रेंच लोक निरोगी राहतात असे वाचले. वजनासाठी मीही सुरू करावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : करू नये. वाइनचा दाखला ‘फ्रेंच विरोधाभासा’च्या चर्चेतून आला, आणि पुढे त्या आकड्यांवरच शंका घेतल्या गेल्या : फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दाखल्यावर तसे नोंदले जात नव्हते, आणि फ्रेंचांचे स्निग्ध खाणे इतरांपेक्षा उशिरा वाढल्याने त्याचे परिणामही उशिरा दिसणार, असे १९९९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. आणि वजनाचेच म्हणाल तर एक ग्रॅम मद्यार्कात सात उष्मांक असतात, साखरेत चार.

प्रश्न : आपण मागे एका व्याख्यानात सांगितलेत की फ्रेंच लोक सावकाश जेवतात म्हणून सडपातळ राहतात. मग आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत तासभर बसून जेवतात, तरी लोक जाडच का? आणि आग्रहाला नाही म्हणावे तर पाहुणे रागावतात, त्याचे काय करावे?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, प्रश्न नेमका आहे आणि माझ्या व्याख्यानातली त्रुटी आपण बरोबर पकडलीत. सावकाशपणा एकटा काही करत नाही. फ्रेंच ताटात पदार्थ आधीच ठरलेला आणि लहान असतो, आणि वेळ त्या लहान पदार्थावर जातो. आपल्या पंगतीत वेळ जातो तो वाढप्याच्या फेऱ्यांत, आणि दर फेरीला ताट पुन्हा भरते. तृप्तीचा निरोप विसाव्या मिनिटाला येतो, परंतु तोवर यजमान हात जोडून समोर उभे असतात आणि त्यांच्यापुढे निरोपाचे काही चालत नाही.

आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा व्यवहार आहे. तो मोडा असे मी सांगणार नाही, कारण ऐकणार कोणी नाही, मीही नाही. युक्ती एवढीच की पहिल्यांदा वाढून घेताना निम्मे घ्यावे, म्हणजे आग्रहाला जागा राहते. मांडे वाढले तर एकच मांडा चौघांत मोडून घ्यावा. घडी उलगडताना जो मान मिळायचा तो मिळतोच. माझ्या सासुरवाडीला, खानापूरकडेच, एक वृद्ध काकू ताटावर पालथा हात न ठेवता भाताचा एक घास शेवटपर्यंत बाजूला राखून ठेवत. ताट रिकामे दिसले नाही की वाढपी पुढे जात असे. त्यांनी हे कोणत्या फ्रेंच बाईकडून शिकले नव्हते.

राहता राहिला कुंदा, ज्याविषयी आपण पत्राच्या समासात बारीक अक्षरात विचारले आहे. खवा आणि साखर तासन्‌तास आटवून केलेल्या पदार्थाला पथ्याचे नाव देता येणार नाही. तो घरात अर्ध्या किलोच्या डब्याने आला की फ्रिज उघडताना दर वेळी एक चमचा जातो, आणि तो चमचा जेवणात मोजला जात नाही. मी शंभर ग्रॅम आणतो, रविवारी दुपारच्या जेवणानंतर दोन लहान वाट्यांत घालतो, आणि आम्ही दोघे तो चहाच्या चमच्याने, बसून, वाटी पुसली जाईपर्यंत खातो. डबा घरात उरत नाही.